रीगल चित्रपटगृह
दक्षिण मुंबईत कुलाबा कॉजवेच्या तोंडाशी असलेले जुने एकपडदा चित्रपटगृह. फ्रामजी सिधवा यांनी ते उभारले. 1933 मध्ये लॉरेल-हार्डी जोडीच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ या चित्रपटाने ते सुरू झाले. त्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स हे बोरीबंदर स्थानकाची (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) इमारत रचणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे पुत्र. वडिलांनी गॉथिक वळणाच्या नक्षीदार दगडी इमारती रचल्या, मुलाने काँक्रीटची सरळ, सुटसुटीत आर्ट डेको शैली पत्करली. मुंबईची बदललेली अभिरुची एकाच घराण्यात इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

दर्शनी भागावर वरच्या बाजूस नाटकाचे हसरे व दुःखी मुखवटे आहेत. अंतर्गत सजावट कार्ल शारा या चेक कलावंताची. प्रेक्षागृहात फिकट नारिंगी व हिरव्या रंगांतील सूर्यकिरणांची नक्षी होती, शिवाय आरशांचा सढळ वापर. वातानुकूलन आणि मोटारींसाठी तळघरातील वाहनतळ या सोयी त्या काळी अपूर्वच होत्या.

बहुपडदा चित्रपटगृहांच्या लाटेत शहरातील अनेक जुनी चित्रपटगृहे बंद पडली. रीगल मात्र एकाच पडद्यावर तग धरून राहिले व मुंबईतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळही येथे झाले.