गाडी विकून आलेलं ड्रिल मशीन

पावसाची रिपरिप आहे, रानात वाफसा नाही, कोळपं पुढं चालत नाही. म्हणून आज पिकाचं न लिहिता शेडमधल्या हत्यारांचं लिहितो. आमच्याकडे जुनी जीप आहे. गॅरेजला न नेता जमेल तेवढं तिचं काम मी घरीच करतो. नाद आहे म्हणा. गावातली दोन-तीन पोरं बघून बघून शिकली, आता त्यांनाही स्वतःची मशीनं घ्यायची आहेत. "काका, कुठलं घेऊ?" हे रोज ऐकतो. पण कुठलं घ्यायचं हे कळायला ही मशीनं आली कुठून ते माहीत असलेलं बरं.

आपल्याकडे भोक पाडायला सुताराचा सामता होता. दोरी ओढायची, दांडा गरगर फिरायचा. नंतर गिरमीट आलं. लाकडाला ते पुरायचं, लोखंडाला नाही. लोखंडात भोक पाडायचं तर लोहाराकडे जायचं, तो तापवून सुंबा मारायचा. हाताने फिरवायचं दात्यांचं मशीनही होतं. पाटी छातीला टेकवून अंगाचा रेटा द्यायचा आणि एका हाताने मूठ फिरवायची. पाव इंची भोकाला घाम निघायचा.

विजेवरच्या ड्रिलचं पेटंट १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला निघालं, ते खडक आणि कोळशाच्या कामासाठी. हातात धरायचं ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने केलं. ते इतकं जड की दोन्ही हात त्यातच अडकायचे.

आज आपण ज्याला ड्रिल म्हणतो, पिस्तुलासारखं, बोटाने चाप दाबला की फिरणारं, ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोन तरुणांनी १९१० मध्ये बाराशे डॉलरवर कारखाना काढला. त्यातले सहाशे डॉलर ब्लॅकने स्वतःची जुनी मोटार विकून उभे केले. सुरुवातीला ते दुधाच्या बाटलीची टोपणं करायचं मशीन असली दुसऱ्यांची कामं करून द्यायचे. मग कोल्ट पिस्तूल बघून त्यांच्या डोक्यात आलं की मूठ अशी पाहिजे आणि स्विच बोटाखाली पाहिजे. १९१७ मध्ये पेटंट मिळालं. साधीच गोष्ट, पण त्यामुळे एक हात मोकळा झाला. एका हाताने पट्टी धरायची, दुसऱ्याने भोक पाडायचं. गाडीखाली आडवं पडून काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या कारखान्यांतले कामगार घरच्या कामाला हे ड्रिल गुपचूप घेऊन जायचे असं सांगतात. मालकाने आरडाओरडा करायच्या ऐवजी ओळखलं की घरगुती माणसालाही हे पाहिजे आहे. १९४६ पासून स्वस्त, हलकं, पाव इंची ड्रिल घरगुती गिऱ्हाइकासाठी निघालं. नादापायी गाडी दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याच्या शेडमध्ये मशीन आलं ते या वाटेनं.

पण नुसतं मशीन फिरून भोक पडत नाही. पीळ असलेला बिट स्टीफन मोर्स नावाच्या माणसाचा, पेटंट १८६३ चं. आधीचे बिट चपटे असायचे, कीस आतच अडकायचा. पीळ आला आणि कीस आपोआप वर यायला लागला. बिट पकडणारा तीन जबड्यांचा चक आर्थर जेकब्सचा, १९०२ चा. जुन्या चकवर आपटून बोटाची सालटं निघाली म्हणून त्याने तो काढला म्हणतात. आणि बिटावर एचएसएस लिहिलेलं असतं ते पोलाद अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी शोधलं, १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवलं. लालभडक तापलं तरी त्याची धार टिकते. दुकानात बिट घेताना ही तीन अक्षरं बघा. बिनअक्षराचा स्वस्त बिट जीपच्या चॅसीत अर्धा इंच जात नाही.

पोरं ड्रिल घेताना वॉट विचारतात. फेरे कोणीच विचारत नाही. १० मिमीचा बिट साध्या लोखंडात मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांत चालवायचा असतो. बारक्या ड्रिलचे फेरे अडीच-तीन हजार. त्यावर जाड बिट लावून दाबलं की टोक निळं पडतं आणि बिट गेला. म्हणून चाप कमीजास्त दाबला की फेरे कमीजास्त होतील असंच मशीन घ्या, चक १३ मिमीचा. आधी ४ मिमीचं भोक, मग ८, मग १०. तेलाचे चार थेंब टाकत राहा. हॅमरचं बटण भिंतीसाठी असतं, लोखंडाला लावू नका.

आता पाने. माझ्या मते नव्या माणसाने मशीनच्या आधी पान्यात पैसे घालावेत. आमच्या शेडमध्ये तीन जातींचे पाने आहेत आणि तिघांची भांडणं दीडशे वर्षांहून जुनी आहेत. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने बोल्टाच्या आट्यांचं माप ठरवलं, कोन ५५ अंशांचा. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन मांडला. इंच दोघांचे तेच, आटे वेगळे. महायुद्धात दोन्ही सैन्यं एका बाजूने लढली, पण यांचा नट त्यांच्या बोल्टाला जाईना. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. आपल्याकडे १९५६ मध्ये मेट्रिक मापाचा कायदा झाला.

जीप मूळ अमेरिकेची विलीज, महिंद्राने स्वातंत्र्यानंतर मुंबईत तिची जुळणी सुरू केली. म्हणून जुन्या जीपला सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश असे इंची पाने. जुन्या मॅसी ट्रॅक्टरलाही तसेच. १९८३ मध्ये मारुती आली ती जपानी मापं घेऊन: १०, १२, १४, १७. युरोपच्या रीतीच्या गाडीला तोच ८ मिमीचा बोल्ट १३ चा पाना मागतो, मारुतीला १२ चा. इथं बरेच जण फसतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की फिरून डोक्याचे कोपरे खातो. नऊ सोळांशला १४ चा बसत नाही आणि १५ चा सैल होतो. पाऊण इंच आणि १९ तेवढे सख्खे भाऊ. बाकी उसनवारी नको. जुन्या इंग्लिश पान्यावर अर्धा लिहिलेलं असेल तर ते बोल्टाच्या जाडीचं माप, पान्याचं तोंड चांगलंच मोठं असतं. गोटी सेट घेताना सहा कोनी गोट्या घ्या. गंजलेल्या बोल्टाला बारा कोनीपेक्षा त्या चांगल्या धरतात.

आता ग्राइंडर, आपल्याकडे त्याला कटर म्हणतात. हाही जर्मनीचा. १९५४ मध्ये फ्लेक्स कंपनीने जोराचे फेरे असलेला कोनी ग्राइंडर काढला, आजही जर्मन माणूस ग्राइंडरला फ्लेक्सच म्हणतो, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा. चाकीतला दाणा त्याहून जुना. १८९१ च्या सुमारास एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरे करायला गेला आणि हाताला कार्बोरंडम लागलं.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे मारतो. हिशोब करा, चाकीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळते. चाकीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, ते मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच पाहिजेत. सात इंची चाकी साधारण साडेआठ हजारांची असते. गार्ड काढून ती चार इंचीवर बसवणारे मी पाहिले आहेत. त्याहून वाईट म्हणजे लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं. शेजारच्या गावात एकाने तसं लावून बाभळीची फांदी कापायला घेतली. पातं अडकलं, मशीन उलटं उसळलं, मांडीत शिरलं. माणूस वाचला, पण पुढचा सगळा हंगाम त्याची बायको एकटी राबली. तीस-चाळीस रुपयांची चाकी आणि गार्ड काढल्यामुळे वाचलेली दोन मिनिटं. गार्ड, चष्मा आणि बाजूची मूठ नसेल तर माझ्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होत नाही, पोरं तोंड वाकडं करतात तर करू देत.

बॅटरीवालं ड्रिल नवं वाटतं, पण पहिलं १९६१ मध्येच आलं, ब्लॅक आणि डेकर यांच्याच कंपनीचं. जोर अगदी कमी होता. १९७१ मध्ये अपोलो १५ ने असंच बॅटरीचं ड्रिल चंद्रावर नेलं आणि तिथं त्यांची नळी जमिनीत अडकली. दोन माणसांनी खांद्याचा जोर लावून ती उपसली. म्हणजे ड्रिल अडकायचं तर ते चंद्रावरही अडकतं. आताच्या लिथियम बॅटरीत जोर आहे. वस्तीवर रात्री व्होल्टेज पडतं, वायरवाल्या मशीनची मोटर गुरगुरते आणि जळते. तिथं बॅटरीवालं बरं. पण एकाच कंपनीची, एकाच बॅटरीवर चालणारी दोन-तीन मशीनं घ्या, नाहीतर चार चार्जर सांभाळत बसाल. ग्राइंडर मात्र मी वायरवालाच ठेवलाय, बॅटरी त्याला पुरत नाही.

वायरवाल्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते. खूण नसेल तर तीन पिन आणि खरं अर्थिंग पाहिजे. पावसाळ्यात शेडची जमीन ओली, त्यात आपण पाठीवर पडलेलो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात बसवून घ्या, पहिल्या मशीनच्या आधी. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड नसेल तर लाकडी ओंडके लावा. विटा नकोत, वीट सांगून फुटत नाही.

पोरांना मी क्रम असा सांगितला: आरसीसीबी आणि स्टँड, मग पाने, मग ड्रिल, मग ग्राइंडर. बॅटरीवाला नट खोलायचा इम्पॅक्ट सगळ्यात शेवटी. एकाने तो आधीच ऑनलाइन मागवलाय. उद्या येणार आहे म्हणतो, आणि जीपच्या पाट्याचा एक बोल्ट गेले तीन दिवस डिझेल पिऊन बसलाय, बघू कोण जिंकतं.