हमी आणि दुरुस्ती : बिडकीनच्या निमित्ताने एका व्यावहारिक संकल्पनेचा इतिहास

१. उपोद्घात

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठणकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर बिडकीन हे गाव आहे. एका बाजूस सातवाहनांचे प्रतिष्ठान, दुसऱ्या बाजूस आधुनिक उद्योगनगरी, अशा दोन टोकांमध्ये वसलेले हे गाव दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा-बिडकीन क्षेत्रामुळे आज वाहननिर्मितीच्या नकाशावर आले आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. त्यान्वये या क्षेत्रात सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा मोटार-कारखाना योजिला गेला. जे गाव मोटारी केवळ विकत घेत होते, ते त्या घडविण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले.

अशा प्रसंगी उत्पादन, रोजगार आणि भूसंपादन यांचा विचार सर्वत्र होतो. तो योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याहून वेगळा आणि तुलनेने उपेक्षित असा प्रश्न विचारार्थ घेतला आहे. मोटार विकली गेल्यानंतर तिच्या दोषांचा भार कोणी वाहावयाचा? विक्रेत्याच्या अधिकृत कर्मशाळेत दुरुस्तीचे देयक हाती पडले म्हणजे मालकाचे डोळे पांढरे होतात, आणि त्या धास्तीवर उपाय म्हणून मूळ हमीची मुदत संपण्यापूर्वी जादा पैसे भरून ‘वाढीव हमी’ विकत घेतली जाते. हा व्यवहार आपल्याला इतका परिचयाचा झाला आहे की त्यालाही इतिहास आहे याचे भान राहत नाही. तो इतिहास स्थूलमानाने सांगणे आणि त्यातून वाढीव हमीच्या खऱ्या मूल्याविषयी काही अनुमान काढणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. परीक्षणकाल : वस्तू परत करण्याचा अधिकार

‘हमी’, ‘जामीन’, ‘दुरुस्ती’ हे आपले रोजच्या व्यवहारातील शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. परंतु त्यांमागील कल्पना येथे त्याहून पुष्कळच जुनी आहे. धर्मशास्त्रकारांनी व्यवहारपदांमध्ये ‘क्रीतानुशय’ नावाचे एक स्वतंत्र पद मानले आहे. खरेदी केल्यानंतर ग्राहकास होणारा पश्चात्ताप, असा त्याचा अर्थ. याज्ञवल्क्यस्मृतीने निरनिराळ्या वस्तूंसाठी निरनिराळा परीक्षणकाल सांगितला आहे. लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, ओढीच्या जनावरास पाच, रत्नांस सात आणि बियाण्यास दहा दिवस. दासदासींनाही त्याच यादीत स्थान आहे, यावरून त्या समाजाची दुसरी बाजूही स्पष्ट होते. नारदस्मृतीत घेतलेली वस्तू त्याच दिवशी अविकृत स्थितीत परत करण्याची मुभा आहे. दुसऱ्या दिवशी परत केल्यास मूल्याचा तिसावा हिस्सा सोडावा लागे, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू ग्राहकाचीच. कौटिल्याने हीच मुदत वस्तूवरून न ठरविता व्यवहार करणाऱ्यांच्या व्यवसायावरून ठरविली आहे : व्यापाऱ्यांना एक रात्र, कृषकांना तीन, गोपालकांना पाच.

या नियमांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, मुदत वस्तूच्या स्वभावावरून ठरते. ओढीच्या बैलाची खोड एका दिवसात कळत नाही, म्हणून त्यास लोखंडापेक्षा अधिक अवधी. दोष प्रकट होण्यास जितका काळ लागतो तितका काळ ग्राहकास द्यावा, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले दिसते. दुसरी गोष्ट अशी की, दोष आढळल्यास उपाय म्हणजे वस्तू परत करणे. विक्रेत्याने ती दुरुस्त करून द्यावी अशी कल्पना तेथे नाही. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण बैल दुरुस्त करता येत नाही.

३. प्रत्यर्पणाकडून भरपाईकडे

आधुनिक काळात हा विषय १९३० च्या मालविक्री अधिनियमाने नियंत्रित केला. बिडकीन त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर, १९५१ च्या कायद्याने हा अधिनियम ‘ब’ वर्ग राज्यांना लागू झाला आणि मराठवाडा त्याच्या कक्षेत आला.

या अधिनियमाच्या बाराव्या कलमात ‘अट’ आणि ‘हमी’ असा भेद केला आहे. कराराच्या मुख्य हेतूस आवश्यक असलेली ती अट. तिचा भंग झाल्यास ग्राहक करार मोडू शकतो. मुख्य हेतूस आनुषंगिक असलेली ती हमी. तिचा भंग झाल्यास केवळ भरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. सामान्य मनुष्य ‘हमी’ या शब्दाला मोठा आधार समजतो. कायद्याच्या भाषेत मात्र तो दोहोंपैकी दुबळा शब्द आहे. शिवाय तेराव्या कलमान्वये, ग्राहकाने माल एकदा स्वीकारला म्हणजे सर्वसाधारणतः अटीचा भंगदेखील हमीचाच भंग मानला जातो. मोटार घरी आणून चालवू लागलेल्या माणसाची स्थिती काय होते, हे यावरून ध्यानात येईल. सोळाव्या कलमाने वस्तू हेतूस योग्य आणि विक्रीयोग्य दर्जाची असावी अशा गर्भित अटी ग्राहकास दिल्या हे खरे. परंतु बासष्टाव्या कलमाने उभयपक्षी करार करून असे गर्भित अधिकार वर्ज्य करण्यास वाव ठेवला. कंपनीच्या छापील हमीपत्राचा जन्म या वावातून झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. हमीपत्र काही देते आणि त्याच वेळी देणे किती मर्यादित आहे हेही ठरवून टाकते.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योग या कंपनीच्या एका प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे आश्वासन असेल तर कंपनीची जबाबदारी तेवढीच. संपूर्ण वाहन बदलून देण्याची नव्हे. अशा रीतीने प्रत्यर्पणाकडून भरपाईकडे आणि भरपाईकडून दुरुस्तीकडे असा हा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाचा उपाय एकेक पायरी खाली उतरला आहे.

४. मिस्त्रीचा काळ

उपाय जर दुरुस्ती हाच असेल, तर दुरुस्ती कोण करतो या प्रश्नास महत्त्व येते. स्वातंत्र्योत्तर पहिल्या चार दशकांत तो प्रश्न फारसा उद्भवला नाही. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स अशा मोजक्या कंपन्या उरल्या. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवावे लागे. विक्रीत मक्तेदारी होती. दुरुस्तीत ती नव्हती. यंत्ररचना साधी, नमुने दशकानुदशके तेच आणि सुटे भाग बाजारात कोठेही मिळणारे. तालुक्याच्या गावचा मिस्त्री आवाजावरून दोष ओळखी. हमीपत्राची मुदत अल्प असली तरी मालकास तिची उणीव भासत नसे, कारण त्याची खरी हमी तो मिस्त्रीच होता.

ही स्थिती दोन कारणांनी पालटली. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर १९९३ साली मोटार-उद्योग परवानामुक्त झाला आणि अनेक कंपन्या, अनेक नमुने बाजारात आले. औरंगाबादच्या परिसरात वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून होता. शेंद्रा येथे स्कोडा कंपनीने २००१ पासून मोटारींची जुळणी सुरू केली. दुसरे कारण तांत्रिक होय. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी कार्ब्युरेटरची जागा संगणकनियंत्रित इंधनव्यवस्थेने घेतली. दोष आता आवाजावरून ओळखावयाचा नसून, कंपनीचे निदानयंत्र जोडून वाचावयाचा झाला. आणि ते यंत्र मिस्त्रीच्या हाती नव्हते.

या काळात शहराची क्रयशक्ती किती वाढली होती, त्याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन केलेली सुमारे १५० मर्सिडीज मोटारींची खरेदी. तिची किंमत सुमारे ६५ कोटी रुपये होती. संघटित झाल्यास ग्राहक विक्रीच्या वेळी किंमत आणि कर्ज यांविषयी घासाघीस करू शकतो, हे तीवरून दिसले. विक्रीनंतर मात्र प्रत्येक मालक आपल्या देयकासमोर एकटाच उभा असतो. त्या क्षणी त्याचा दुसरा पर्याय काय, हा खरा प्रश्न आहे.

५. स्पर्धा आयोगाचा निर्णय

हाच प्रश्न २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीने भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. तक्रार प्रथम तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीची व्याप्ती पुढे वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. शेंद्र्याला जुळणी करणारी स्कोडा आणि पुढे बिडकीनला येऊ घातलेली टोयोटा, या दोन्ही त्या यादीत होत्या. तद्वतच मारुती, टाटा, महिंद्र आणि होंडा याही होत्या. दोष एखाद्या कंपनीचा नसून पद्धतीचा होता, हे यावरून उघड होते.

आयोगाचा युक्तिवाद असा : मोटारींच्या बाजारात कंपन्यांमध्ये स्पर्धा असेल, परंतु मोटार एकदा घेतली की तिच्या विशिष्ट सुट्या भागांच्या बाजारात ती कंपनी एकटीच असते. ग्राहक मोटारीत पैसे गुंतवून बसलेला असतो. त्यास दुसरीकडे वळता येत नाही. मूळ सुटे भाग, निदानयंत्रे आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र कर्मशाळांना न मिळू देणे, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द होईल अशी अट घालणे, यांमुळे तो पुरता बांधला जातो. म्हणून आयोगाने आदेश दिला की, सुटे भाग व साधने खुल्या बाजारात उपलब्ध करावीत. आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

या निर्णयाविरुद्ध कंपन्यांनी दाद मागितली. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये टोयोटासह तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावयाचा ठरविला. अन्य अनेक कंपन्यांनी उच्च न्यायालयात कायद्याच्या तरतुदींनाच आव्हान दिले. पुढे २०२२ साली केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमून त्यात वाहनांचा समावेश केला. आठ वर्षांपूर्वीच्या निर्णयाने प्रश्न सुटला असता, तर या समितीचे प्रयोजन उरले नसते.

६. वाढीव हमीचे मूल्य

आता वाढीव हमीकडे वळू. तिचे स्वरूप विम्यासारखे आहे. तथापि ती मोटार विम्याहून भिन्न आहे. सर्वसाधारण मोटार विमा अपघात, चोरी, आग यांची भरपाई देतो. यांत्रिक वा विद्युत् बिघाड आणि झीज त्यातून वगळलेली असतात. ही पोकळी वाढीव हमी भरून काढते. झिजणारे भाग तीही बहुधा वगळते आणि ठरलेली देखभाल अधिकृत कर्मशाळेत केलीच पाहिजे, अशी अट घालते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हमीची किंमत २०,००० रुपये आहे. वाढीव मुदतीत दहांपैकी एका मोटारीस १,००,००० रुपयांचा बिघाड होतो. तर सरासरी अपेक्षित खर्च १०,००० रुपये होईल, आणि उरलेले १०,००० रुपये हे निर्धास्तपणाचे मोल ठरेल. ज्यास एक लाखाचा आकस्मिक खर्च पेलण्यासारखा आहे त्याने ते देऊ नये. ज्याची मोटार हेच उपजीविकेचे साधन आहे त्याने द्यावे, हा सामान्य विवेक झाला. परंतु या गणितातील एक लाख हा आकडा आला कोठून? तो अधिकृत कर्मशाळेचा दर आहे. तोच बिघाड स्वतंत्र कर्मशाळेत मूळ भाग वापरून ४०,००० रुपयांत दुरुस्त होऊ शकला, तर अपेक्षित खर्च ४,००० रुपयांवर येतो आणि हमीची किंमत अवाजवी भासू लागते. सारांश, वाढीव हमीचे मूल्य बिघाडाच्या संभवावर जितके अवलंबून आहे तितकेच दुरुस्तीच्या बाजारातील स्पर्धेवर आहे. महाग दुरुस्तीची भीती आणि त्या भीतीवरचा उतारा ही दोन्ही एकाच दुकानात विकली जातात, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य होय.

त्यात आणखी एक गुंता आहे. विक्रेता आणि कंपनी ग्राहकास एकच भासतात; कायद्यास ती दोन वाटतात. गोव्यातील एका ग्राहकास विक्रेत्याने जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असे ठरविले की, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती असल्याचे सिद्ध झाल्यावाचून टाटा मोटर्सला त्याबद्दल जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा वाढीव हमी घेताना ती देणारा कोण, कंपनी की विक्रेता की तिसरीच संस्था, हे प्रथम पाहणे अवश्य आहे.

७. उपसंहार

याज्ञवल्क्याच्या यादीतील तत्त्व असे होते की, दोष प्रकट होण्यास लागणारा काळ तोच हमीचा काळ. विद्युत् वाहनांच्या बॅटरीला अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरांची हमी देऊ लागल्या आहेत, हे त्या तत्त्वाकडे पडलेले पाऊल म्हणता येईल. परंतु काळ वाढला तरी उपाय एकाच दारी मिळणार असेल, तर लांबलेली हमी ही लांबलेली बांधिलकीही ठरते.

बिडकीनपुढील निवड येथेच आहे. नव्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडतील. त्यांबरोबर निदानयंत्रे, पुस्तिका आणि सुटे भाग पैठण रस्त्यावरच्या कर्मशाळेपर्यंत पोहोचतील काय? ते पोहोचले, तर या गावातील तंत्रनिकेतनात शिकलेल्या मुलास कारखान्याच्या फाटकाबाहेरही व्यवसाय राहील, आणि मालकास वाढीव हमी घ्यावी की न घ्यावी याचा खराखुरा पर्याय मिळेल. न पोहोचले, तर आपल्याच जमिनीवर घडलेली मोटार दुरुस्त करण्याचा अधिकार त्या गावास राहणार नाही. हमीचा इतिहास सांगतो तो इतकाच की, ग्राहकाचे अधिकार एका दिवसात जात नाहीत; ते छापील अटींतून एकेक पायरी खाली उतरतात. ते परत चढविणे हे कायद्याचे जितके काम आहे, तितकेच अटी वाचणाऱ्या ग्राहकाचे आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठांचे आहे.