रिकाम्या खुर्च्यांचा इतिहास

गर्दी कशाला जमेल याचा नेम कुणी सांगावा? रस्त्याच्या कडेला नगरपालिकेचे दोन गडी खड्डा खणू लागले, तर तो पाहायलाही पाचपंचवीस माणसे हाताची घडी घालून उभी राहतात. कुस्तीचा फड असो, कीर्तन असो, नाटक असो की निवडणुकीची सभा असो, माणसाला पाहायला काहीतरी हवे असते; आणि शेजारी पाहणारा आणखी कुणी असला म्हणजे पाहण्याची गोडी दुणावते. पण एका बाबतीत मात्र पुष्कळ जाणती मंडळी आधीच निकाल देऊन मोकळी होतात. ‘बायकांचा फुटबॉल? तो पाहायला कोण येणार हो?’ ऐकताना हा प्रश्न वाटतो. पण प्रश्नाचा वेष घेतलेला तो निकालच असतो.

मी शाळामास्तर. इतिहास शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत कल्पनेवर भागते. इतिहासात सनावळी आणि आकडे लागतात. म्हणून ‘कोण येणार?’ याचे उत्तर आकड्यांतच शोधावे असे मी ठरवले. स्त्रियांच्या मोठमोठ्या सामन्यांना किती माणसे आली, कुठे आली, आणि जिथे आली नाहीत तिथे का आली नाहीत, एवढाच माझा शोध. वाचकहो, आकडे म्हटल्यावर फराळाचे ताट घेऊन उठू नका. या आकड्यांत गोष्टच पुष्कळ आहे.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या उत्तरेकडील प्रेस्टन नावाच्या गिरणगावात. तिथे ‘डिक, कर’ या नावाचा एक कारखाना होता. पहिले महायुद्ध पेटले, पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यात तोफगोळे करायला बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात चेंडू तुडवू लागल्या. १९१७ च्या नाताळच्या दिवशी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्यांनी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर एक सामना केला. पाहायला सुमारे १० हजार माणसे! युद्ध संपले तरी खेळ संपला नाही. १९२० साली ॲलिस मिलिया या खटपटी बाईंच्या पुढाकाराने फ्रान्सच्या मुली इंग्लंडात आल्या. प्रेस्टनच्या पहिल्याच सामन्याला सुमारे २५ हजार लोक जमले. त्याच वर्षी इंग्रज मुली परतभेटीला पॅरिसला गेल्या, तेव्हा तिथेही २० हजारांवर माणसे होती. स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा हा पहिला पाळणा; आणि तो हलवायला दोन्ही देशांची जनता आपण होऊन आली होती.

मग आला २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ‘डिक, कर’च्या मुलींचा सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना होता. हा काही दोन देशांचा सामना नव्हे; शेजारच्या दोन गावांचाच. तरी आत ५३ हजार प्रेक्षक आणि दाराबाहेर जागा न मिळालेले आणखी १० हजारांहून अधिक. संघाची हुकमी खेळाडू फ्लॉरी रेडफर्ड हिची नेमकी त्या दिवशी गाडी चुकली. मग कर्णधार ॲलिस केल स्वतः पुढे सरसावली आणि तिने तीन गोल मारले. ‘डिक, कर’ने सामना चार-शून्य असा जिंकला. युद्धात पंगू झालेल्या सैनिकांसाठी तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली.

इतके यश डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही; काहींच्या डोळ्यांत ते खुपतेही. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ स्त्रियांना सर्वथा अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संघटनेच्या क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. गोळा झालेल्या पैशांच्या हिशेबावरही त्यांनी बोट ठेवले. ठरावाची खुबी पाहा. ‘खेळू नका’ असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. फक्त मैदान काढून घेतले. मैदान गेले की तिकिटाची खिडकी गेली, बसायची बाके गेली, वर्तमानपत्राचा बातमीदार गेला. मुली माळावर आणि बागांत खेळत राहिल्या. पण माळावर ५३ हजार माणसे उभी राहणार कुठे आणि त्यांना खेळ दिसणार कसा? हा ठराव पुढची जवळजवळ ५० वर्षे टिकला. जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ सालापासून सरकारी हुकूमच होता, तो १९७९ पर्यंत उठला नाही. आधी दार लावून घ्यायचे आणि मग खिडकीतून डोकावून म्हणायचे, ‘बघा, अंगणात कोणीच नाही!’

आता मी तुम्हाला एकदम समुद्रापलीकडे मेक्सिकोला नेतो, कारण दाराला पहिला जोराचा धक्का तिथे बसला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७० साली, इटलीत खासगी व्यावसायिकांनी स्त्रियांची एक जागतिक स्पर्धा भरवली होती. ती डेन्मार्कने जिंकली. १९७१ मध्ये दुसरी स्पर्धा मेक्सिकोत झाली. मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, फ्रान्स, इटली आणि डेन्मार्क असे सहा देश होते. फीफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, या स्पर्धेला मान्यता नव्हती. पण मेक्सिको शहरातील प्रचंड अझ्टेका मैदान खासगी मालकांचे होते आणि त्यांना गल्ल्याचा वास बरोबर आला होता. त्यांनी गोलांचे खांब गुलाबी रंगवले. असल्या नटव्या जाहिरातीला हसू यावे. पण लोक खांब पाहायला आले नव्हते. ५ सप्टेंबरच्या अंतिम सामन्याला सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक होते. याच मैदानावर आदल्या वर्षी पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता, त्यालाही साधारण तेवढेच लोक होते. डेन्मार्कने यजमानांना तीन-शून्य असे हरवले आणि तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या अवघ्या १५ वर्षांच्या पोरीचे! माझ्या वर्गातल्या दहावीच्या मुली आठवा म्हणजे या वयाची कल्पना येईल.

या सोहळ्याचे पुढे काय झाले? इंग्लंडच्या मुली घरी परतल्या, तो त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. लाखाच्या त्या गर्दीची नोंद फीफाच्या वहीत नाही, कारण ज्या स्पर्धेला मान्यता नाही तिचे प्रेक्षकही अमान्य. माणसे आली होती, ओरडली होती, त्यांनी तिकिटेही काढली होती. पण कागदावर ती आलीच नाहीत. इतिहासाच्या मास्तराला यातून एक धडा मिळतो. आकडा पाहावा, आणि तो कोणाच्या वहीतला आहे हेही पाहावे.

पुढची वीस वर्षे हळूहळू सरली. जर्मनीचा एक किस्सा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८९ साली जर्मन स्त्रिया ओस्नाब्रुक गावी युरोपच्या विजेत्या झाल्या. अंतिम सामन्याला मैदान खचाखच, सुमारे २२ हजार प्रेक्षक. संघटनेने बक्षीस म्हणून प्रत्येकीला काय दिले असेल? कॉफीच्या कपबशांचा संच! आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण देतात, त्यातलाच प्रकार.

१९९१ साली फीफाने चीनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, पण जरा बिचकतच. ‘विश्वचषक’ हे नाव द्यायचा धीर झाला नाही; एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीचे नाव स्पर्धेला लावले. सामनेही ९० मिनिटांऐवजी ८० मिनिटांचे. पण ग्वांगझाऊच्या अंतिम सामन्याला ६० हजारांवर चिनी प्रेक्षक आले आणि त्यांनी अमेरिकेला नॉर्वेवर दोन-एक असा विजय मिळवताना पाहिले.

येथून पुढची दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, १९९५ आणि १९९९. १९९५ ची स्पर्धा स्वीडनमध्ये झाली. सामने लहान लहान गावांत आणि लहान मैदानांवर ठेवले. एका सामन्याला सरासरी ४,३१६ प्रेक्षक. काही सामन्यांना तर काही शेच. झाले! ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणणाऱ्यांना हुरूप आला. पुढची स्पर्धा अमेरिकेत व्हायची होती. तीही छोट्या मैदानांवरच आटोपावी असा सूर निघाला. पण अमेरिकन संयोजकांपाशी एक ताजा पुरावा होता. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा फुटबॉल प्रथमच आला, आणि अमेरिका विरुद्ध चीन या अंतिम सामन्याला ७६,४८९ लोक आले होते. शिवाय १९७२ च्या कायद्याने तिथल्या शाळा-कॉलेजांत मुलींना खेळाचा समान हक्क मिळाला होता, त्यामुळे चेंडू खेळलेली मुलींची एक अख्खी पिढी वाढली होती. संयोजकांनी हिंमत करून देशातली भली थोरली मैदाने घेतली. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कजवळ सुमारे ७९ हजार. १० जुलै १९९९ च्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियातील रोझ बोलमध्ये ९०,१८५! सामना शून्य-शून्य राहिला, पेनल्टी किकांवर अमेरिकेने चीनला हरवले. सरासरी ३७ हजारांवर गेली. हिशेबी वाचकांसाठी सांगतो, त्या वर्षी साखळी सामन्यांत एका तिकिटावर दोन सामने दाखवत, म्हणजे एकच डोके दोनदा मोजले गेले. ते वजा धरले तरी स्वीडन आणि अमेरिका यांत जमीनअस्मानाचा फरक उरतोच. खेळ तोच, पुष्कळशा खेळाडूही त्याच. बदलले होते ते मैदान आणि बोलावणे.

याचे नवल मला फारसे वाटले नाही. आमच्या शाळेत पूर्वी स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलींचा खो-खोचा अंतिम सामना दुपारी एक वाजता ठेवीत. ऊन मी म्हणत असे, आणि पाहायला खेळणाऱ्या मुलींच्या दोन मैत्रिणी व पाण्याची घागर सांभाळणारा शिपाई. मुलांची कबड्डी मात्र पाच वाजता, पालक कामावरून परतल्यावर. ‘मुलींच्या सामन्याला कोणी नसते’ असे दरसाल बोलले जाई. एका वर्षी मुलांचे आणि मुलींचे सामने पाठोपाठ संध्याकाळी घेतले. त्या दिवशी कुंपणावर पोरे चढली होती, आणि एक आजीबाई ‘अगं, डावीकडून, डावीकडून!’ म्हणून ओरडून घसा बसवून घेत होत्या. खेळ दुपारी होता तोच होता.

मोठ्या जगाची चालही पुढे अशीच राहिली, कधी दोन पावले पुढे, कधी एक मागे. २००३ ची स्पर्धा सार्सच्या साथीमुळे चीनमधून घाईघाईने अमेरिकेत हलवली. तयारीला वेळ नव्हता, सरासरी २१ हजारांवर आली. २००७ साली चीनमध्येच ती पुन्हा ३७ हजारांवर गेली. २०११ मध्ये, जिथे एकेकाळी बंदी होती त्या जर्मनीत, बर्लिनच्या पहिल्या सामन्याला ७३,६८० लोक होते. २०२२ साली इंग्लंडात युरोपची स्पर्धा झाली. तेव्हाही काही सामने ४,७०० प्रेक्षकांच्या चिमुकल्या मैदानावर ठेवले होते, आणि आइसलंडच्या कर्णधाराने त्याबद्दल सडेतोड बोलून दाखवले. त्याच स्पर्धेच्या वेम्ब्लीवरील अंतिम सामन्याला ८७,१९२ प्रेक्षक आले. युरोपच्या अंतिम सामन्याला, पुरुषांच्याही, इतके लोक तोवर कधी आले नव्हते. २०२३ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील विश्वचषकाला एकंदर १९,७८,२७४ प्रेक्षकांची नोंद झाली. तिथे सिडनीचा ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना मागणी पाहून आधीच मोठ्या मैदानावर हलवला होता. ७५,७८४ लोक आले. दार रुंद केले, तेवढी माणसे आत आली.

आपल्या अंगणातही हे वारे आले. २०२२ च्या जानेवारीत स्त्रियांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. पण करोनाच्या निर्बंधांमुळे तिला जत्रेचे रूप येणे शक्यच नव्हते. त्यातच भारतीय संघातील डझनभर मुली आजारी पडल्या, तैवानविरुद्धचा सामना खेळता आला नाही आणि यजमानांनाच स्पर्धेबाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे रंगला. ज्या गोव्यात फुटबॉल घरोघर मुरलेला आहे तिथे उपांत्य सामने झाले, आणि नवी मुंबईत स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला हरवून चषक उचलला. आपल्या मुलींची हार झाली, ती मोठीही झाली. पण जगाच्या पोरी आपल्या मातीवर धावताना आपल्या पोरींनी पाहिल्या. प्रेक्षक घडतात ते असे. आज कठड्याला रेलून पाहणारी मुलगी उद्या खेळते, आणि परवा आपल्या लेकीला घेऊन पाहायला येते.

२०२७ चा विश्वचषक ब्राझीलला देण्यात आला आहे, जिथे ३८ वर्षे स्त्रियांनी चेंडूला पाय लावणे हाच गुन्हा होता. आणि गुडिसन पार्क? १९२० चा तो ५३ हजारांचा आकडा इंग्लंडातल्या स्त्रियांच्या क्लबांना शंभर वर्षे मोडता आला नाही. २०२३ साली तो मागे पडला, आणि त्याच वर्षी वेम्ब्लीवर ७७,३९० लोक आले. २०२५ साली एव्हर्टन क्लबचा पुरुष संघ नव्या मैदानावर राहायला गेला, आणि जुने गुडिसन पार्क क्लबच्या स्त्रियांच्या संघाचे घर झाले. ज्या दारातून एकदा हजारो माणसे जागेअभावी परत गेली आणि वर्षभरात जे दार मुलींनाच बंद झाले, त्या दाराची किल्ली शेवटी त्यांच्या हाती आली. ‘कोण येणार हो?’ असे यापुढे कुणी विचारले, तर त्याला एवढेच सांगावे, ‘दार उघडा आणि थोडे बाजूला सरा.’