मेलबर्नचे तीन गोल आणि कंपनीची नोकरी

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचा फुटबॉल मुख्यतः कंपन्यांच्या आधारावर उभा होता. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा दीर्घकाळ ब्रिटिश पलटणींच्या वर्चस्वाखाली राहिली, 1937 मध्ये बंगळूरूच्या मुस्लिम संघाने ती प्रथमच भारतीयांकडे आणली आणि पुढे टाटा, कॅल्टेक्स अशा उद्योगांचे संघ कूपरेज मैदानावर नावारूपाला आले. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना, म्हणजे खेळण्याचा मोबदला न घेणाऱ्यांना, प्रवेश असल्यामुळे कंपनीची नोकरी हाच खेळाडूच्या उदरनिर्वाहाचा मान्य मार्ग होता.

मूळचे गोमंतकीय असलेले आघाडीपटू नेव्हिल डिसोझा (जन्म 1932) याच व्यवस्थेत वाढले. ते टाटांकडून आणि नंतर कॅल्टेक्सकडून खेळले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरीने माघार घेतल्यामुळे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघ पहिला सामना न खेळताच पुढे गेला आणि 1 डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियासमोर उभा राहिला. तो सामना भारताने 4–2 असा जिंकला, त्यातील तीन गोल डिसोझा यांचे होते आणि ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य फेरीत बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. भारत काही मिनिटे आघाडीवर होता, मग मात्र 1–4 असा हरला, आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने त्याला 3–0 असे नमवले. स्पर्धेत केवळ 11 संघ होते हे खरे असले, तरी चार गोलांसह सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले येणे हे त्यामुळे लहान ठरत नाही; भारतीय फुटबॉलमध्ये त्याला तोड शोधणे कठीण आहे.

कॅल्टेक्सने 1958 मध्ये रोव्हर्स चषक जिंकला. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा फुटबॉलचा पहिला मान मेलबर्नमधील त्यांचे सहकारी प्रदीपकुमार बॅनर्जी यांना योग्यच मिळाला, परंतु डिसोझा यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. ही उपेक्षा अक्षम्य आहे, कारण त्यांची कामगिरी सिद्ध करण्यासाठी नव्या पुराव्याची गरज नव्हती. 1980 च्या मार्चमध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, ते निवर्तले.

ज्या व्यवस्थेने त्यांना घडवले तीही पुढे ओसरली. रोव्हर्स चषक शतकाच्या वळणावर बंद पडला, आणि 2005–06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा कंपनी-संघ 2010 मध्ये विसर्जित करण्यात आला.