मसण कुणाच्या नावावर?



हल्ली पेडणे आणि डिचोलीकडच्या ओळखीच्या लोकांकडून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "आमच्या वाड्याला स्वतःचं, स्वतंत्र स्मशान हवंय. सुरुवात कुठून करायची?" बहुतेकांच्या डोक्यात आधी पत्र्याची शेड, चौथरा आणि आमदारांच्या हस्ते उद्घाटन असतं. माझं उत्तर मात्र एकच असतं. सुरुवात कागदापासून करा. असं का म्हणतो, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

आपला मुलुख नव्या काबिजादीतला. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत, सोळाव्या शतकात देवळं मोडली गेली आणि हिंदूंच्या उघड धर्मविधींवर बंदी आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला तो त्याच काळात. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. नार्व्याला गोकुळाष्टमीला नदीत स्नान करून पितरांना तर्पण करायची पद्धत आहे. हरवळ्याला रुद्रेश्वराच्या पायथ्याशी धबधब्याजवळ दिवसकार्याचे विधी होतात. आपल्या मेलेल्या माणसांचं उघडपणे करता येणं ही गोष्ट इथल्या लोकांना किती मोलाची होती, ते या दोन जागांवरून कळतं.

डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांशी झालेल्या तहानं. तोपर्यंत पोर्तुगीजांचा जोर ओसरला होता. नव्या मुलखातल्या लोकांच्या देवळांना आणि रीतीभातींना हात लावणार नाही, अशी हमी त्यांनी दिली आणि ती बऱ्यापैकी पाळली. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानानं गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींना कायद्याची मान्यताही मिळाली. त्यामुळे पेडण्या-डिचोलीत सरण रचायला कुणाची परवानगी लागली नाही. आणि परवानगी लागली नाही म्हणून कागदही झाला नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथं आहे.

मग मसण असायचं कुठं? गावाच्या कडेला, ओहोळाच्या किंवा नदीच्या काठाला, डोंगराच्या उतरणीला, जिथं पीक येत नाही अशा जागी. जमीन कुणाची? कुठं गावकारीची, कुठं देवस्थानची, आणि पुष्कळ ठिकाणी भाटकाराची. भाटकारानं कधीकाळी तोंडी सांगितलं, "तिथं करा तुमचं," आणि चार पिढ्या तिथंच केलं. वाट शेताच्या बांधावरून किंवा कुणाच्या कुळागरातून. ती वाट कुणी अडवत नसे, कारण अडवणाऱ्यालाही एक दिवस त्याच वाटेनं जायचं होतं.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मसणं समाजासमाजाची वेगळी होती. एकाच गावात तीन-चार जागा. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्यांच्या वाट्याला सगळ्यांत लांबची, पावसात पाण्याखाली जाणारी जागा यायची. जिवंतपणी ज्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याला मेल्यावरही बाजूलाच ठेवलं. हा आपला इतिहास आहे, आणि "स्वतंत्र स्मशान" म्हणताना तो आठवलाच पाहिजे.

१९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ ला पंचायती आल्या. १९६८ चा जमीन महसूल कायदा आला आणि सत्तरच्या दशकात गावोगाव सर्व्हे होऊन आपला एक-चौदाचा उतारा तयार झाला. मी बँकेत लागलो तेव्हा हे उतारे नवे कोरे होते. शेतीकर्जाच्या निमित्तानं मी ते शेकड्यानं वाचले. भोगवटादार कोण, कूळ कोण, इतर हक्क काय, हे रकाने बघितल्याशिवाय कर्ज मंजूर होत नसे. तेव्हा एक गोष्ट लक्षात यायची. ज्या जमिनीत मसण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक, तिच्या उताऱ्यावर इतर हक्काचा रकाना रिकामा. सर्व्हेवाले आले तेव्हा मालकाचं नाव सांगायला मालकाचा माणूस हजर होता, कुळाचं नाव सांगायला कूळ. मसणाच्या वतीनं कोण उभं राहणार?

१९६४ च्या कूळ कायद्यानं आणि त्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं राहणाऱ्याला घराचा आधार दिला. मेलेल्या माणसाच्या साडेतीन हातांसाठी मात्र जुना तोंडी शब्दच पुरेसा आहे, असं सगळे धरून चालले.

जोवर जमीन गावातच फिरत होती, तोवर तो पुरलाही. मग जमिनी विकल्या जाऊ लागल्या. किनाऱ्यावर मोरजी-मांद्रे-हरमलला पर्यटन, वर मोपाला विमानतळ, जो २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. बाहेरचा खरेदीदार कागद वाचतो. कागदावर मसण नाही, वाट नाही, मग त्याच्या दृष्टीनं ती नाहीच. आमच्या वाड्यावरही असंच झालं. जमिनीचा मालक बदलला, चिऱ्यांचं कुंपण आलं, फाटक आलं. त्या पावसाळ्यात आम्ही एका म्हाताऱ्या शेजाऱ्याची तिरडी गुडघाभर चिखलाच्या शेतातून नेली. खांदेकऱ्यांचे पाय रुतत होते. नव्या मालकाला मी वाईट म्हणत नाही. त्यानं पैसे मोजून घेतलेल्या उताऱ्यावर आम्ही कुठंच नव्हतो.

डिचोलीतली तऱ्हा वेगळी. मयेची बहुतेक जमीन पोर्तुगीज घराण्याच्या नावावर. मुक्तीनंतर ती १९६४ च्या कायद्यानं निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि राहत्या घराखालच्या जागेसाठीही गावानं पन्नास वर्षं वाट पाहिली. २०१४ ला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मुळगावात खाणीच्या लीजमधून घरं, देवळं आणि तळी वगळा, ही मागणी आजही चालू आहे. घराचीच ही कथा, तर मसणाची काय असणार?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असं मात्र नाही. मुंबईत सोनापूरचं स्मशान शिवडीला हलवायचा सरकारचा बेत होता. तो जगन्नाथ शंकरशेट यांनी विरोध करून थांबवला. इंग्लंडमध्ये दहनाच्या पुरस्कर्त्यांनी १८७८ साली वोकिंगला जागा घेतली, तर आजूबाजूच्या लोकांनी इतका विरोध केला की पहिलं दहन व्हायला १८८५ उजाडलं. पुढे १९०२ च्या कायद्यात त्यांनी अंतरच लिहून टाकलं. राहत्या घरापासून २०० यार्डांच्या आत दहनगृह बांधायचं तर त्या घरवाल्याची लेखी संमती हवी, आणि सार्वजनिक रस्त्यापासून किमान ५० यार्ड लांब. शेजाऱ्याचा विरोध हा जगात सगळीकडे असतो. तो आधी बोलून, लिहून मिटवला तर पुढच्या पिढीला त्रास होत नाही.

आता ज्यांना नवं स्मशान हवंय त्यांच्यासाठी, जुन्या बँकवाल्याच्या सवयीनं, काही मुद्दे.

पहिला. ग्रामसभेत ठराव घ्या. स्मशान हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे आपल्या राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय आहे. पण गावातून लेखी काही गेलं नाही, तर वर कुणी हलत नाही.

दुसरा. जागा सरकारी किंवा कोमुनिदादची मिळाली तर उत्तम. खाजगी मालक दान देत असेल तर त्याला हात जोडा, पण तोंडी दान घेऊ नका. पंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. आपल्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. तेव्हा सही दोघांचीही हवी. वाटण्या झाल्या नसतील तर सगळ्या वारसांची, आणि त्यांच्या जोडीदारांचीही. एका भावाच्या सहीवर चौथरा बांधाल आणि दुसरा भाऊ परदेशातून येऊन काम बंद पाडेल.

तिसरा. म्युटेशन करून एक-चौदावर पंचायतीचं नाव चढेपर्यंत थांबू नका. आणि वाट! जागेइतकीच वाट महत्त्वाची. ती नकाशावर आली पाहिजे, रुग्णवाहिका जाईल एवढी रुंद.

चौथा. आपल्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर. छप्पर, सुकं लाकूड ठेवायची खोली आणि पाणी या तीन गोष्टींशिवाय चार महिने स्मशान निकामी. साध्या सरणाला ४०० ते ५०० किलो लाकूड लागतं. लोखंडी जाळीच्या, धुराडं असलेल्या सुधारित शेगडीत त्याच्या निम्म्याहून कमी. खर्चासाठी खासदार निधीतूनही स्मशानाचं काम करता येतं.

पाचवा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा. "स्वतंत्र" म्हणजे काय ते आधी ठरवा. भाटकाराच्या मर्जीपासून, नव्या मालकाच्या फाटकापासून स्वतंत्र, हे मला मान्य. शेजारच्या वाड्यापासून, दुसऱ्या समाजापासून स्वतंत्र, हे नाही. पंचायतीच्या जागेवर, सगळ्यांच्या पैशानं उभं राहणारं स्मशान सगळ्यांचंच असायला हवं, आणि तसं ठरावात स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर दहा वर्षांनी कुणीतरी कुणालातरी दारातून परत पाठवील.

मंडळी, एक विनंती. तुमच्या गावच्या मसणाचा सर्व्हे नंबर काढा आणि उतारा बघा. भोगवटादार म्हणून कुणाचं नाव आहे, इतर हक्कात काही लिहिलंय का, नकाशावर वाट आहे का? घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर जुनी जागा, जुनी वाट कुठून होती ते विचारून, तारीख घालून लिहून ठेवा. उद्या मामलेदारासमोर तेच उपयोगी पडेल. जे सापडेल ते इथं कळवा, गावाच्या नावासकट. उतारा वाचायला अडलं तर मी आहेच.