कोलॅजन, कूर्चा आणि कातडी
२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसे दगावली. भाजलेल्यांवरच्या उपचारांना या शहरात तेव्हापासून जोर आला. तरी पुढे कित्येक वर्षे एक अडचण सुटत नव्हती. निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या रुग्णाला त्याचीच कातडी लावायची, तर आणायची कुठून? मृताची किंवा डुकराची कातडी थोडे दिवस तग धरते, मग शरीर ती झिडकारते. उघड्या जखमेतून पाणी पाझरत राहते, जंतू आत शिरतात.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे सर्जन जॉन बर्क ही अडचण घेऊन एमआयटीतल्या आयोआनिस यानास यांच्याकडे गेले. मूळचे ग्रीक असलेले यानास पॉलिमरचे अभ्यासक.

बर्क यांना हवे होते जखम लवकर झाकणारे आवरण. यानासांनी गाईगुरांपासून मिळणाऱ्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कूर्चेतला एक शर्करायुक्त पदार्थ मिसळला. मिश्रण गोठवायचे आणि निर्वातात त्यातला बर्फ थेट वाफ करून उडवायचा. बर्फाच्या कणांच्या जागी छिद्रे उरतात आणि हाती येतो पांढरा, जाळीदार स्पंज. वरून सिलिकॉनचा पापुद्रा. पाणी आणि जंतू अडवायला.

गिनीपिगवर लावल्यावर मात्र भलतेच झाले. जखम लवकर मिटायची सोडून उशिरा आकसू लागली. मागितले होते त्याच्या नेमके उलट! पण खाली व्रणाऐवजी नवी अंतस्त्वचा धरत होती. छिद्रांतून पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरत आणि स्पंज हळूहळू विरून जाई. शार्ककडून आलेला पदार्थ नसता तर कोलॅजन त्याआधीच विरले असते. करायला गेले होते पट्टी, झाला साचा. या सगळ्या कथेतला खरा शोध हाच.

१९८१ मध्ये दोघांनी दहा रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे ५० ते ९५ टक्के अंग भाजलेले होते. अंतस्त्वचा तयार झाली की सिलिकॉन सोलून काढायचे आणि रुग्णाच्याच शाबूत कातडीचा अगदी पातळ थर वर लावायचा. तो इतका पातळ, की घेतलेली जागा लवकर भरून येते आणि तिथूनच पुन्हा घेता येतो.

अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळायला १९९६ उजाडले. ‘इंटिग्रा’ या नावाने हा साचा बाजारात आला. त्यातून तयार झालेल्या त्वचेत केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथीही येत नाहीत. त्यामुळे अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाला बरे झाल्यावरही उन्हाळा जड जातो.