‘एलिक्झिर’ : एका शब्दाचा अर्थ आणि औषधपरीक्षेचा इतिहास

औषध निर्धोक आहे की नाही हे ते विक्रीस येण्यापूर्वीच पारखले गेले पाहिजे, हा विचार आज स्वयंसिद्ध वाटतो. अमेरिकेच्या कायद्याने मात्र तो १९३८ साली स्वीकारला. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील शासनाला एक विषारी औषध जप्त करावे लागले, आणि त्यासाठी कायद्यात आधार सापडला तो केवळ एका शब्दाच्या अर्थाचा. तो शब्द म्हणजे ‘एलिक्झिर’.

ह्या शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘क्सेरिऑन’ म्हणजे जखमेवर भुरभुरण्याची कोरडी पूड. अरबीत तो ‘अल्-इक्सीर’ झाला आणि हलक्या धातूचे सोने करणाऱ्या द्रव्याला किमयागार त्या नावाने संबोधू लागले. लॅटिनच्या द्वारे तो युरोपीय भाषांत गेला. फारसीच्या द्वारे मराठीत ‘अक्सीर’ म्हणून रुळला. मराठीने त्यातून द्रव्य टाकले आणि गुण तेवढा ठेवला : अक्सीर इलाज म्हणजे हमखास लागू पडणारा इलाज. पाश्चात्त्य औषधनिर्मात्यांनी उलट त्यातील द्रव्य निश्चित केले. त्यांच्या परिभाषेत एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त गोड द्रावण.

१९३५ साली प्राँटोसिल ह्या औषधाचा बोलबाला झाला आणि त्यातील गुणकारी अंश सल्फानिलामाइड हा आहे, असे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सिद्ध झाले. गोळी व भुकटी ह्या रूपांत हे औषध प्रचारात आले. १९३७ साली टेनेसी राज्यातील मॅसेनगिल कंपनीने ते द्रवरूपात आणण्याचे ठरविले. सल्फानिलामाइड सहजी विरघळत नाही. कंपनीचे प्रमुख रसायनज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स यांना ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळत असल्याचे आढळले. तयार औषधाची परीक्षा झाली ती रंगरूप, चव आणि वास यांची. विषारीपणाची परीक्षा झाली नाही. कायद्याने ती मागितलीही नव्हती. सप्टेंबरात माल देशभर गेला आणि ऑक्टोबरात मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. मूत्रपिंडे निकामी होऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रयोगशाळेने पृथक्करण करून द्रावकाची ओळख पटविली. शिकागो विद्यापीठात गाइलिंग यांच्या देखरेखीखाली प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांत सहभागी असलेल्या विद्यार्थिनी फ्रान्सिस केल्सी यांनीच पुढे १९६०नंतर थॅलिडोमाइडला अमेरिकेत परवानगी नाकारली. कंपनीने माल परत मागविणाऱ्या तारा पाठविल्या, पण पहिल्या तारेत धोक्याचा उच्चारही नव्हता. शासनाच्या आग्रहानंतर दुसरी, स्पष्ट तार गेली. २४० गॅलनांपैकी २३४ गॅलनांहून थोडे अधिक औषध परत मिळाले. एवढा अनर्थ घडला तो उरलेल्या सुमारे सहा गॅलनांनी.

१९०६ चा कायदा भेसळीस आणि दिशाभूल करणाऱ्या नामाभिधानास मनाई करीत असे. विषारी औषध विकण्यास नव्हे. जप्तीचा आधार इतकाच की, एलिक्झिर म्हणविणाऱ्या द्रवात मद्यार्क नव्हता. त्याच बाटलीवर ‘द्रावण’ असे छापले असते, तर कायद्याचा भंग झालाच नसता. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या अहवालाने ही विसंगती काँग्रेसपुढे आली आणि जून १९३८ मध्ये नवा कायदा झाला. विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा देणे त्याने बंधनकारक केले.

तथापि नाव आणि द्रव्य यांतील अंतर त्याने मिटले नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिन दिलेले चौदा रुग्ण दगावले; त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेतील दोष उघड केले. १९३७ साली नाव चुकीचे होते व द्रावक हेतुतः निवडलेला होता. १९८६ साली नाव परिचित होते. त्या नावाखाली दुसरेच द्रव्य शिरले होते.

ह्या भेदातच रासायनिक पृथक्करणाचा खरा प्रश्न आहे. दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोडसर. पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापविले असता ग्लिसरिनमधून अ‍ॅक्रोलिनचा झोंबणारा दर्प येतो. ही जुनी ओळख-परीक्षा ग्लिसरिन आहे एवढेच सांगते. सोबत आणखी काय आहे ते सांगत नाही, आणि म्हणून भेसळीचे मिश्रणही तीत उत्तीर्ण होते. वायु-वर्णलेखनात दोन्ही घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात व प्रत्येकाचे प्रमाण मोजता येते. अमेरिकेच्या औषधकोशाने ही तपासणी ग्लिसरिनच्या ओळख-परीक्षेतच समाविष्ट केली आणि मर्यादा ०.१० टक्का ठेवली. ती केली गेली तरच उपयोगी, हे २०२२ साली गँबियात भारतीय बनावटीच्या दूषित सिरपांशी निगडित बालमृत्यूंनी पुन्हा दाखवून दिले. त्यानंतर जून २०२३ पासून भारताने निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांची शासकीय प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली.

शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या संमतीने बदलतो. कोरड्या पुडीचे नाव द्रवाला मिळाले म्हणून भाषेचे काही बिघडत नाही. द्रव्याचा गुण मात्र कोणाच्याही संमतीने बदलत नाही. म्हणून बाटलीवरील नाव हे औषधपरीक्षेत केवळ एक विधान होय; त्याचा पडताळा प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.